उघड्या काठाची बुट्टी

अगं थांबा की, एका दमात सांगू दे मला. मोना, ती पर्स बाकावरनं उचल, बसतो मी. सम्राट, चहा तू सांग, आणि मधी तोंड घालायचं न्हाय. व्हय, मेल आलाय. सकाळीच आला. काय आलाय ते आत्ता सांगणार न्हाय. आधी सांगितलं तर तुम्ही तेवढंच धरून बोंबलत बसशीला आणि खरी गोष्ट राहील बाजूला. खरी गोष्ट मंगळवारची हाय. बुट्टीची.

कसली बुट्टी काय विचारतोस? बुरडाच्या पोरीला विचारतोस व्हय, कसली बुट्टी?

तर ऐका. रोमजवळच्या त्या संस्थेचं तुम्हाला ठाऊक हाय. जुना रोमन कायदा शिकायचा, राहणं-खाणं त्यांचं, आणि जागा एक. एकच. शेवटच्या फेरीत आम्ही चौघं. आणि मोना, तुला एकटीला अजून एक ठाऊक हाय, आता ह्यालाबी सांगतो. फॉर्मात बारक्या अक्षरात होतं, एक वर्ष शिकायचं आणि पुढची दोन वर्षं तिथल्याच दप्तरखान्यात काम करायचं. म्हणजे तीन. घरी मी एकच सांगितलंतं. म्हटलं, जागा मिळू दे, मग बघू. आधीच अव्वा एका वर्षाला डोळं पुसत होती. तीन म्हटलं असतं तर अप्पानं लॅपटॉपच कोनाड्यात ठेवला असता.

बरं. शनिवारी शब्द आला. प्रत्येकाला चिठ्ठी टाकून लॅटिनमधला एक शब्द, त्याच्यावर दहा मिनिटं बोलायचं, त्यातच प्रश्न. मला आला ‘फिस्कालिस’. विशेषण. कराच्या संबंधातलं, सरकारी खजिन्याच्या संबंधातलं. बजेटच्या दिवशी टीव्हीवर ती माणसं फिस्कल डेफिसिट, फिस्कल डेफिसिट करत असतात न्हवं? ते फिस्कल ह्याच्याच पोटातलं.

मी सरळ गारगोटीची एसटी धरली. गणपतराव सरांकडं. सम्राट, तू त्यांना बघितलं न्हाईस. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्या काळात नवीन झाड सापडलं की त्याचं वर्णन लॅटिनमधी लिहावं लागायचं, न्हाईतर जगात कोण ते झाड मानायचंच न्हाय. म्हणून हा माणूस गारगोटीत बसून एकटा लॅटिन शिकला. त्यांचं सगळं लॅटिन झाडापाल्याचं. लढाया न्हाईत, राजे न्हाईत, नुसती पानं आणि देठ. मला दोन वर्षं त्यांनीच शिकवलंय, फी म्हणून अव्वाच्या हातची शेंगदाण्याची चटणी.

मी शब्द सांगितला तर सर उठले, आत गेले आणि आल्याचा तुकडा आणि एक आवळा घेऊन आले. म्हणाले, "ह्याचं नाव?" मी म्हटलं, "झिंजिबर ऑफिसिनाले." "आणि ह्याचं?" "एम्ब्लिका ऑफिसिनालिस." "मग? एकाला नाले, एकाला नालिस, असं का?" आता हे मी शंभरदा पाठ केलेलं, पण का ते कधी विचारलंच न्हवतं. म्हणाले, "आलं नपुंसकलिंगी, म्हणून शेवटी ए. आवळी बाईमाणूस, म्हणून इस. आणि पुरुष असता तरी इसच. बाईला आणि बाप्याला एकच अंगरखा, नपुंसकाला तेवढा वेगळा. तुझं फिस्कालिस ह्याच घरातलं. फिस्कालिस, फिस्कालिस, फिस्काले."

बघा की, आपल्यात चांगला, चांगली, चांगलं, तिघांना तीन. हुशार म्हटलं की तिघांना एक. आणि ह्यांचं हे मधलंच, दोन अंगरखे तिघांत! मी एसटीत बसून हसत होतो तर शेजारची बाई सरकून बसली.

आणि शेवटचं ते आलिस म्हणजे ‘त्याच्या संबंधातलं’. आपण कोल्हापूरला ई लावून कोल्हापुरी करतो तसं. मग मागं उरलं काय? फिस्कुस. आणि फिस्कुस म्हणजे, मोना, तुला खोटं वाटंल, फिस्कुस म्हणजे बुट्टी.

आईशप्पथ. काड्यांची विणलेली बुट्टी, टोपली. सरांच्या जाड्या कोशात पहिला अर्थ तोच. मग पैसे ठेवायची बुट्टी. मग बादशहाचा खजिना, म्हणजे लोकांचा सार्वजनिक खजिना होता त्याहून निराळा, खास बादशहाचा. मग कर, जप्ती, सगळं. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्याचा एवढा मोठा शब्द, आणि त्याच्या बुडाशी कुणीतरी गुडघ्यावर गोणपाट घेऊन बसलेला बुरूड. मला तर वाटलं, हा शब्द चिठ्ठीतनं न्हाय, आमच्या घरातनंच आलाय. चौघांत मलाच कसा आला? बाकीच्या तिघांच्या बापानं कधी बांबूची कामटी तासली असंल काय?

घरी आलो, अप्पा दारात बांबू चिरत बसलेला. म्हटलं, "अप्पा, मला एक बुट्टी पायजे. मंगळवारी परीक्षेत दाखवायची."

"कसली?"

"पैशाची."

अप्पा एवढा हसला की अव्वा भाईर आली. म्हणाला, "रत्नव्वा, तुझी लेक शिकून शाणी झाली बघ. बुट्टीत पैसं ठेवणार. फटीतनं गळून जातील की गं!"

मग मी त्याला बसून सांगितलं. रोमचं, बादशहाचं, कराचं. जसा कर म्हटलो तसं त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, "म्हणजे घ्यायची बुट्टी. तसं सांग. ठेवायची निराळी, घ्यायची निराळी."

आणि लागला की कामाला! बूड धरलं, त्याच्यावर विणीचं फेर चढवलं, दाट वीण, हाताला खडबड लागायची न्हाय. सोमवारी दुपारी बघतो तर बुट्टी तयार, आणि काठ मोकळा. काठच बांधलेला न्हाय. वरनं कामट्या उभ्या, साळिंदरावाणी.

म्हटलं, "अप्पा, काठ?"

"काठ न्हाय बांधायचा."

"अवो उद्या अडीचला माझी परीक्षा हाय!"

"देणारा कुठं हाय? घेणारा कुठं हाय? दोघांचा हात बुट्टीत पडल्याबिगर आपल्यात घ्यायच्या बुट्टीचा काठ बांधत न्हाईत."

हे मला अर्धं ठाऊक होतं. लहानपणी बघितलंय मी, दोन माणसं आली की अप्पा दोघांना बुट्टीत मूठ घालायला लावायचा, माप दोघांच्या डोळ्यांसमोर ठरवायचा, आणि मगच काठ वळायचा. मला वाटायचं देवाचं काहीतरी असंल. कधी विचारलं न्हाय. त्या दिवशी चिडून विचारलं, "हे काढलं कुणी?"

"तुझ्या अज्जानं."

"याक?"

अप्पा कन्नडात कधी खोटं बोलत न्हाय, म्हणून ‘का’ हे मी मुद्दाम कन्नडात विचारलं. अप्पानं बुट्टी मांडीवरनं उतरवली. मग सांगितलं.

पूर्वी म्हणे बाजारात बसणाऱ्याकडनं ठेकेदार कर म्हणून मालच घ्यायचा. ढिगातनं मूठभर. फसकी म्हणायचे त्याला. पण मूठ काय सगळ्यांची सारखी असती काय? भांडणं व्हायला लागली. मग एका ठेकेदारानं म्हटलं, भांडण नको, बुट्टी ठेवू, सगळ्यांना एकच माप. लोक खूश. अज्जानं बुट्टी करून दिली. वर्षाला झिजायची, वर्षाला नवी. दुसऱ्या वर्षी ठेकेदार म्हणाला, दोन फेर जास्त घाल, कुणाला दिसतंय. अज्जानं घातलं. तिसऱ्या वर्षी आणि दोन. पोटाला गिऱ्हाईक पायजे, घातलं. सहा-सात वर्षांत बुट्टी दीडपट झाली, आणि बाजाराला वाटतंय की बुट्टी तीच हाय!

मग एका बाजारात आक्का शेंगा घेऊन बसली. आक्का म्हणजे अज्जाची थोरली बहीण, मुरगूडला दिलेली. समोर बुट्टी आली. काठाची शेवटची गाठ आतल्या अंगानं मारलेली. तशी गाठ एकटा अज्जा मारायचा, बाकी सगळे भाईरनं मारतात. आक्कानं बुट्टी शिगोशिग भरून दिली. बाजार उठल्यावर अज्जाच्या दारात आली, उंबऱ्याभाईर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी बुट्टी भरून आलोय रं बाळ." अज्जा पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर तिनं पाणी घेतलं न्हाय. तशीच गेली.

त्या दिवसापासनं हा नेम. आणि अप्पा म्हणाला, "हे भाईर सांगायचं न्हाय. कुठंबी."

आता सांगतोय ते अप्पाला विचारून सांगतोय, सम्राट. डोळं बारीक करू नको. त्यावरच तर येतोय.

मंगळवार. इथं अडीच, तिथं सकाळचे दहा. मी वरच्या खोलीत, अंगात आपल्या क्रांतीकडनं मागून आणलेला ब्लेझर, मांडीवर ती साळिंदर बुट्टी. पडद्यावर तिघं. मधी एक पांढऱ्या केसांची बाई, चष्मा कपाळावर. सुरू केलं. आवळा दाखवला, आलं दाखवलं, दोन अंगरखे सांगितले. बाई हसली. एकवचनाच्या विभक्त्या धडाधडा म्हटल्या. मग फिस्कुस म्हटलो आणि बुट्टी वर धरली.

बाई म्हणाली, "सुंदर हाय. पण अर्धवट का?"

बघा, तोंडावर तयार उत्तर होतं. वेळ न्हाय मिळाला. तीन शब्द, विषय संपला, पुढं अनेकवचन. पण काय झालं, माझा हात त्या कामट्यांवर होता आणि मला ती आक्का दिसली. मी कधी बघितली न्हाय तिला. तरीबी. मी म्हटलं, "ह्याचं उत्तर हाय, पण ते माझं न्हाय. माझ्या वडिलांचं हाय. ते खाली बसलेत. विचारून येऊ काय?"

बाईनं घड्याळ बघितलं. म्हणाली, "चार मिनिटं आहेत. ती तुमचीच आहेत."

मी लॅपटॉप उचलला आणि जिन्यावरनं खाली! चार्जरची वायर मागनं फरफटत. अव्वानं बघितलं, पडद्यावर तीन गोरी माणसं आणि दारात अप्पा बनियनवर. "अवो, अंगात काहीतरी घाला!" असली ओरडली! अप्पानं गोणपाटच छातीपर्यंत ओढलं. मी म्हटलं, "अप्पा, हे विचारतात काठ का उघडा. सांगू?"

अप्पानं पडद्याकडं निरखून बघितलं. म्हणाला, "घेणारी हीच काय?"

"व्हय."

"मग तिला विचार, माझ्या पोरीकडनं काय घेणार?"

मी विचारलं. काय करू? विचारलं. बाईनं चष्मा डोळ्यावर घेतला आणि सरळ सांगितलं. अभ्यासाचं एक वर्ष, आणि त्यानंतर कामाची दोन.

आता अप्पाला इंग्रजी आकडे कळतात, गिऱ्हाईकांमुळं. पण त्या बाईचं इंग्रजी असलं गोल, की दोन का दहा कळायचं न्हाय. अप्पा माझ्या तोंडाकडं बघतोय. पडद्यावरची तिघं माझ्या तोंडाकडं बघतायत. मधी मी एकटी, दोन्ही भाषा येणारी. मोना, मी एक म्हटलं असतं ना, तर जगात कुणालाबी कळलं नसतं. कुणाला दिसतंय? हेच माझ्या डोक्यात आलं बघ. अगदी तसंच, त्याच शब्दांत. कुणाला दिसतंय.

मी म्हटलं, "अप्पा, तीन."

अप्पानं सुरी खाली ठेवली.

"तू एक म्हणालीस."

"व्हय."

"दोन फेर जास्त."

एवढंच. ना ओरडला, ना काय. अव्वा भिंतीला टेकली. बाई तिकडनं विचारतीय, काय म्हणाले, काय म्हणाले? तेबी सांगावं लागलं की मलाच. इंग्रजीत सांगितलं, मी घरी एक वर्ष सांगितलं होतं, आत्ता तीन सांगितलं. तिघांच्या तोंडावर. वाटलं गेली जागा. खोटं बोलणारी पोरगी कोण घेणार?

मग अप्पानंच म्हटलं, "आता सांग तिला अज्जाचं. सगळं सांग. आक्काचंबी."

दीड मिनिट उरलेलं. कसं सांगितलं मला आठवत न्हाय. मूठ, बुट्टी, दोन फेर, गाठ, पाणी. श्वास घेतला न्हाय मधी. संपलं तर डाव्या बाजूचा टक्कलवाला म्हणाला, "फिस्कुसशी ह्याच्या नात्याचा काही लेखी पुरावा आहे?" मी म्हटलं, "न्हाय." "म्हणजे संबंध तुम्ही लावलात." म्हटलं, "व्हय. मीच लावला. रोममधी बुट्टी वाढवली का न्हाय ते मला ठाऊक न्हाय. आमच्यात वाढवली, एवढंच ठाऊक हाय." त्यानं काहीतरी लिहून घेतलं. वेळ संपली. अनेकवचन राहूनच गेलं. फिस्कालिउम, फिस्कालिबुस, सगळं पाठ होतं गं. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "षष्ठी तरी म्हणायची होतीस."

त्या दिवशी अप्पा जेवताना अव्वाला म्हणाला, "तिला भाकरी पायजे काय विचार." मी समोर बसलेली! बुट्टी दिसंना. म्हटलं मोडली असंल. मोडू दे, माझीच चूक.

बुधवारी उठलो तर अप्पा दारात, मांडीवर तीच बुट्टी, आणि वरनं दोन फेर चढवतोय. नव्या कामट्या, अजून हिरव्या. जुन्यावर उठून दिसत होत्या. मी जवळ जाऊन बसलो. बघितलं न्हाय त्यानं. म्हणाला, "काठ उघडा होता म्हणून वाढवता आली. बांधून दिली असती तर तोडावी लागली असती."

मी म्हटलं, "अप्पा, जागा मिळणार न्हाय बहुतेक."

"मी जागेचं कुठं बोलतोय? तीन वर्षं म्हणजे एवढी बुट्टी. एवढी असती, ते मला दिसू दे. आधीच सांगितलं असतंस तर ही सहा महिने रात्रंदिवस डोळ्यांसमोर असती, सवय झाली असती. हात घाल."

घातला. त्यानं माझ्या मनगटाभोवतीनं काठ वळायला घेतला आणि निम्म्यावर थांबला. उरलेल्या कामट्या पाण्यात भिजवून फडक्यात गुंडाळल्या. म्हणाला, "निम्मा घेणारीचा. तिचा हात पडू दे, मग."

म्हटलं, "आणि न्हाय बोलावलं तर?"

"तर मग घरात कांदं ठेवू. निम्म्या काठाला कांदं काय न्हाय म्हणतात व्हय?"

हे बुधवारी, सम्राट. मेल यायच्या आधी. हे ध्यानात ठेव, म्हणून तुला आधी मेल सांगितला न्हाय.

सांगतो की. बोलावलंय. सप्टेंबरात जायचं. ए, ओरडू नका, चहावाला बघतोय! मोना, सोड, ब्लेझर क्रांतीचा हाय, परत द्यायचाय, चुरगळतोय. मेलात लिहिलंय की टक्कलवाल्याचं मत विरोधात होतं, पुरावा न्हाय म्हणून, आणि मला त्याच्याच हाताखाली काम दिलंय. तिथल्या जुन्या कागदांत मापांच्या तक्रारी हायत म्हणे, त्या वाचायच्या. आणि खाली त्या बाईनं एकच ओळ घातलीय, काठाचं काय झालं?

अप्पाला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यानं, दुसऱ्यांदा तीन वर्षं लिहिलंय का ते माझ्याकडनं बोट ठेवून दाखवून घेतलं. इंग्रजी तीनचा आकडा येतो त्याला. मग मला समोर बसवलं, म्हणाला उरलेला निम्मा काठ तिथं तिचा हात पडल्यावर तूच बांधायचा, आणि दुपारभर एका जुन्या बुट्टीवर काठ बांधायला शिकवत बसला. तेवीस वर्षं बुरडाच्या घरात काढली आणि काठ बांधता येत न्हाय मला. आधी कधी शिकवलंच न्हाय. म्हणायचा तू पुस्तक वाच. हे बघा बोट. इथं कामटी घुसली, इथंबी.

शेवटच्या गाठीला आलो तर मी आपली भाईरनं मारली, सगळे मारतात तशी. म्हटलं, अज्जाची गाठ नको. तिच्यापायी तर आक्का पाणी न घेता गेली. परक्या देशात ती कशाला न्यायची?

अप्पानं ती सोडली. माझं बोट धरून आतनं फिरवलं.

"हीच मार," म्हणाला. "ओळखू आली पायजे."

तर आता दोरीवर तीच गाठ घोटतोय. सम्राट, तो चहाचा कप ठेव खाली आणि ही दोरी धर जरा, ताणून. मोना, तू बघ, कुठं चुकतोय ते.